शिवदास हिवाळे आणि पार्टी

पहिल्या दिवशी शिवदास हिवाळे वर्गात शिरले तेव्हा आम्ही सगळे उभे राहिलो. राखाडी सफारी, खिशाला दोन पेनं, काखेत फाईल आणि घाम टिपायला नीट घडी घातलेला रुमाल. असा माणूस सर नसेल तर कोण असेल? त्यांनी हात वर करून "बसा, बसा" म्हटलं. आम्ही बसलो, आणि मग ते सावकाश पहिल्या बाकावर जाऊन बसले. खऱ्या मॅडम आल्या तेव्हा आमच्याबरोबर तेही उभे राहिले. मी मागून म्हटलं, "काका, आधी सांगायचं ना!" तर म्हणाले, "तुम्ही एवढ्या प्रेमानं उठलात. नाही कशाला म्हणायचं?"

अंधेरीतल्या त्या कॉलेजात उन्हाळ्यापुरता एक पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो, कला व्यवस्थापनाचा. नोकरी करणाऱ्यांना जमावं म्हणून एप्रिल ते जून, संध्याकाळचे आणि सुट्टीच्या दिवसांचे वर्ग. नाटक, गाणं, प्रदर्शन, जे काही असेल ते उभं कसं करायचं, लोकांपर्यंत कसं न्यायचं, कलाकाराला नीट कसं वागवायचं, हे शिकवतात. मी बोरीवलीहून जायची. कंपन्यांचे सोहळे करून देणाऱ्या एका ऑफिसात मी आहे, म्हणजे साहेब स्टेजवर चढले की धूर सोडायचा आणि साहेब उतरले की जेवण उघडायचं. बढती हवी तर पुढचं शिक्षण दाखव, असं वरून सांगण्यात आलं, म्हणून मी तणतणत नाव घातलं. माझं डोकं लवकर तापतं हे आमच्या घरात सर्वांना मान्य आहे, आणि त्या एप्रिलात तर वर्गातला एसीसुद्धा माझ्या बाजूचा नव्हता.

हिवाळेकाका मात्र हौसेनं आले होते. विक्रोळीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून नुकतेच निवृत्त झालेले. पन्नाशी उलटल्यावर मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलेलं. 'पदव्युत्तर' हा शब्द त्यांना इतका आवडायचा की ते तो कुठेही वापरत. चहावाल्याला सांगत, "लवकर दे रे, पदव्युत्तरचा तास आहे." मेट्रोत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला घाटकोपर ते अंधेरी एवढ्या प्रवासात अख्खा अभ्यासक्रम समजावून देत. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव त्यांनी पहिल्याच आठवड्यात 'पदव्युत्तर परिवार' करून टाकलं, आणि रोज सकाळी तिथे गुलाबाचं फूल पडायला लागलं.

चेतना मॅडम आम्हाला शिकवायच्या. त्यांची अट अशी होती की दोघादोघांनी मिळून सत्र संपायच्या आत एक खराखुरा कार्यक्रम करायचा. खरे प्रेक्षक, खरं तिकीट. कार्यक्रम झाला तर पास. जोड्या पाडायची वेळ आली तेव्हा काका उभे राहिले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "मला या गंधालीताई द्या. या रागावतात. कार्यक्रमाला एक रागावणारं माणूस लागतंच."

वर्ग हसला. माझं नाव त्यांच्या नावापुढे लागलं ते लागलंच.

काकांकडे कार्यक्रम तयारच होता. तरुणपणापासून त्यांची गायन पार्टी आहे, 'शिवदास हिवाळे आणि पार्टी'. भीमगीतं, बुद्धगीतं. पेटी, ढोलकी, बेंजो, मागे कोरस, आणि पुढे माईकवर सुंदराबाई, म्हणजे काकू. जयंतीपासून बुद्धपौर्णिमेच्याही पुढेपर्यंत उपनगरांत गल्लोगल्ली स्टेज पडतात, तो त्यांचा हंगाम. आमच्या बिल्डिंगच्या मागेही दरवर्षी असा एक स्टेज लागायचा. टीव्ही ऐकू येत नाही म्हणून आई खिडकी लावून घ्यायची, त्यामुळे त्या गाण्यांचा मला माहीत असलेला भाग म्हणजे काचेतून येणारी ढोलकी.

"तुम्ही काय गाता, काका?" मी विचारलं.

"मी कुठे गातो? मी पार्टी चालवतो. कार्यक्रमाची सुपारी घ्यायची, टेम्पो सांगायचा, माईकवाल्याला धरून आणायचं, मंडळात भांडण झालं तर दोघांना चहा पाजायचा. गाणं सगळं सुंदराचं."

आणि मग त्यांनी मला ते सांगितलं ज्यासाठी ते या वर्गात येऊन बसले होते. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी सुंदराबाईंना शब्द दिला होता की एक दिवस तुला पडद्यामागे उभी करीन, पडदा उघडेल आणि समोर तिकीट काढून आलेले लोक असतील. तेव्हापासून काकू फुटपाथवर, मैदानात, नाल्याच्या कडेला टाकलेल्या फळ्यांवर गात आल्या. पडदा काही आला नाही. आता विक्रोळीतल्या एका शाळेचा हॉल मे महिन्यात रिकामा होता, आणि त्याला पडदा होता. लाल, मखमली.

"सुंदराला सांगितलं की ती म्हणते, पडद्याचं नंतर बघू, आधी कुकर लावा," काका म्हणाले. "पण यंदा करायचंच, ताई."

काम समजून घ्यायला म्हणून त्यांनी मला घाटकोपरच्या एका गल्लीत कार्यक्रमाला नेलं. संध्याकाळची वेळ, निळ्या पताका, खुर्च्यांवर बाया, जिन्यांवर मुलं. काकू उभ्या राहिल्या. ठेंगण्या, पांढरी साडी, डोळ्यांवर जाड चष्मा. बालवाडीत शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. मुलांना गप्प करायला जसा आवाज लावायच्या तसाच त्यांनी पहिला सूर लावला आणि गल्ली गप्प झाली. गाणं त्यांनी स्वतः बांधलेलं होतं. 'पाटी दिली हाती माझ्या, आई उभी दारी.' माझ्या अंगावर काटा आला, तेवढ्यात अर्ध्या ओळीवर त्या थांबल्या.

एक माणूस हातात नोट धरून स्टेजजवळ आला होता. काकू वाकल्या, कान पुढे केला, विचारलं, "नाव?" त्यानं कानात सांगितलं. त्या सरळ झाल्या आणि माईकवर खणखणीत म्हणाल्या, "असल्फ्याचे रहिवासी, रिक्षाचालक, आमचे बंधू सहदेव मोकळे यांच्याकडून या गाण्याला प्रेमाचं बक्षीस." टाळ्या. आणि जिथे सोडली होती तिथूनच ओळ उचलली, "आई उभी दारी." पुन्हा दोन ओळी होतात न होतात तोच एक बाई आली. मग एक म्हातारे. मग कोणाचं तरी सगळं कुटुंब.

"गाण्याची पार वाट लावतात हो," मी वैतागून म्हटलं.

"असं नाही, ताई. पोटाला चिमटा काढून देतो माणूस. त्याचं नाव एकदा माईकवर यायला नको?" काका हसले. "आणि नाव घेतलं की तो बघा कसा परत जातो."

खरंच, प्रत्येक जण छाती काढून परत जात होता.

"तुमचं नाव घेतलंय कधी काकूंनी?"

"माझं कसं घेतील? पार्टीच्या माणसानं पार्टीला बक्षीस द्यायचं नसतं. या खिशातून काढून त्या खिशात. लोक हसतील." ते बोलून त्यांनी नोट घेऊन येणाऱ्या पुढच्या माणसाला हात धरून वाट करून दिली.

त्यानंतर आम्ही जोरात कामाला लागलो. मी विक्रोळीला कन्नमवारनगरात त्यांच्या घरी जायला लागले. काकू फार बोलायच्या नाहीत. आमच्या अभ्यासाला त्या 'तुमची ती शाळा' म्हणायच्या. पदव्युत्तर हा शब्द त्यांच्या तोंडून एकदाही निघाला नाही. काकांनी मुद्दाम शब्द पुढे केला तरी त्या "हां, तेच, तुमची शाळा" म्हणून पोहे पुढे करायच्या. हंगामात थंड पाणी प्यायच्या नाहीत, आणि त्या घरी असल्या की काकांनाही माठाकडे जायची सोय नसायची.

माझं आणि काकांचं एकाच गोष्टीवरून वाजलं, ते म्हणजे बॅनर. काकांच्या पद्धतीच्या बॅनरवर अख्खी विक्रोळी असते. प्रमुख पाहुणे, स्वागतोत्सुक, निमंत्रक, विशेष सहकार्य, शुभेच्छुक, प्रत्येकाचा फोटो, काहींचा गॉगल लावून. मी सांगितलं, काका, हे जयंतीचं बॅनर नाही, तिकिटाचा कार्यक्रम आहे. कोरं, स्वच्छ, मोठ्या अक्षरात, लांबून वाचता येईल असं. त्यांनी एकेक नाव जड हातानं काढलं. प्रत्येक नावाला "हा रागावेल" म्हणायचे आणि मी म्हणायची "रागावू दे, माझ्याकडे पाठवा." शेवटी सुरेख बॅनर झालं. निळ्यावर पांढरी अक्षरं, तारीख, वेळ, हॉल, 'भीम-बुद्ध गीतांचा कार्यक्रम', आणि मधोमध ठळक, 'शिवदास हिवाळे आणि पार्टी'. आम्ही दोघांनी ते दहा वेळा वाचलं. मान डोलावली. छापायला दिलं. मी ऑफिसात कित्येक साहेबांच्या नावातल्या चुका पकडल्या आहेत, पण तेव्हा काही म्हणजे काही खटकलं नाही.

बॅनर स्टेशनच्या बाहेर पूर्वेला लागलं. काकू भाजी घेऊन येताना तिथे थांबल्या, त्यांनी ते वाचलं, घरी आल्या, पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "मी गाणार नाही."

मी तिथेच होते. काकांना वाटलं भाजीवाल्याशी काही झालं.

"ज्याचं नाव लावलंय तो गाईल," काकू म्हणाल्या.

"अगं पण आजवर हेच नाव आहे पार्टीचं," काका म्हणाले. "तूच म्हणाली होतीस, तुमचंच लावा म्हणून. त्या वेळी बाईच्या नावानं सुपारी कोण देणार होतं?"

"म्हटलं होतं. तेव्हा म्हटलं होतं." काकू मेथी निवडायला बसल्या. "रस्त्यावर काय अडत नव्हतं. मी समोर उभी असते, लोकांना माहितीये कोण गातंय, पोरंसुद्धा सुंदराबाई म्हणून हाक मारतात. आता तिकीट काढून परके लोक येणार. ते बोर्डवर तुमचं नाव वाचणार, आत येऊन माझं गाणं ऐकणार. मग घरी जाताना कुणाचं नाव घेऊन जाणार? सांगा ना, या पोरीला पण विचारा."

माझे कान गरम झाले. काका काहीतरी बोलायला गेले तशी त्या म्हणाल्या, "पडदा उघडा बिनधास्त. मागे खुर्ची ठेवा आणि तुम्ही बसा."

त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. कार्यक्रम आठवड्यावर आला होता. तिकिटं विकली गेली होती, काकांनी ती लग्नाच्या आमंत्रणासारखी घरोघरी जाऊन खपवली होती. काकू नसतील तर कार्यक्रम नाही आणि कार्यक्रम नाही तर आम्ही दोघंही नापास. खरं सांगायचं तर मी आधी घाबरले ती स्वतःसाठी. मी जिन्यातच काकांवर डाफरले, "मग बदला ना नाव! एक पट्टी तर लावायची आहे!"

काका जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. "ताई, कारखान्याचं कार्ड जमा केलं. आता मला लोक ओळखतात ते पार्टीवाले हिवाळे म्हणून. ते नाव काढलं तर मी कोण राहिलो?"

दुसऱ्या दिवशी ते वर्गाला आले नाहीत. ग्रुपवर गुलाबाचं फूलही आलं नाही, आणि ज्या फुलाला मी रोज नाक मुरडायची त्याची मी सकाळभर वाट बघितली.

त्याच्या पुढच्या दिवशी आले, पण पहिला बाक सोडून मागे बसले. चेतना मॅडमना कुठून काय कळलं होतं कोण जाणे, म्हणजे मीच सांगितलं होतं. त्यांनी काकांना पुढे बोलावलं आणि म्हणाल्या, "हिवाळे, सुपारी येते तेव्हापासून टेम्पो घरी परततो तोवर तुम्ही काय काय करता ते वर्गाला सांगा."

काका आधी तुटक तुटक बोलले. मग रंगले. दोन मंडळांनी एकच दिवस मागितला तर काय करायचं, बेंजोवाला रुसला तर त्याच्या सासऱ्याला कसा फोन लावायचा, पोलिसांची परवानगी, जनरेटर, काकूंसाठी कोमट पाण्याचा थर्मास, वयस्कर माणसांच्या खुर्च्या ढोलकीपासून लांब. मॅडम मध्ये मध्ये विचारत होत्या. काही गोष्टी त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्त केल्या, वाजवणाऱ्यांना वेळच्या वेळी आधी लेखी कळवत नाहीत हे कसं चुकतंय ते सांगितलं, आणि काकांनी खिशातलं पेन काढून लिहून घेतलं.

"आणि गाणाऱ्या कलाकाराशी तुमचा करार काय?" मॅडमनी विचारलं.

"लग्न," काका म्हणाले.

वर्गात हशा फुटला. मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, "बरं. आता सांगा, हे सगळं जो करतो त्याला आपल्या विषयात काय म्हणतात?"

"व्यवस्थापक."

"तो गातो का?"

"नाही."

"मग त्याचं नाव कुठे लिहितात?"

काका मागच्या बाकावर परत गेले नाहीत, पहिल्या बाकावर बसले. तास संपल्यावर मला जिन्यात गाठलं आणि म्हणाले, "ताई, मी इतकी वर्षं जे करतो त्याला विषय आहे. लोक फी भरून शिकतात. परीक्षा आहे त्याची! मग मला गाणाऱ्याच्या नावाची काय गरज?" त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू कोणीतरी त्यांना हरवलेली वस्तू आणून दिली आहे. मला फार आनंद झाला, पण मी म्हटलं, "चला आधी, पट्टी छापायला टाकू."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात शिवदास हिवाळे सफारी घालून शिडीवर चढले. बॅनर लावणारा मुकाट्यानं शिडी धरून होता, कारण काकांनी त्याला हात लावू दिला नाही. आडनाव तेच असल्यानं काम सोपं होतं. 'शिवदास'वर 'सुंदराबाई' एवढीच पट्टी. खाली कोपऱ्यात त्यांनी आणखी एक छोटी पट्टी चिकटवली, 'व्यवस्थापक : शिवदास हिवाळे, पदव्युत्तर विद्यार्थी'. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. एकानं विचारलं, "काय पार्टीवाले, नाव बदललं?" काका वरून ओरडले, "पार्टीचं बरोबर केलं!"

काकू आल्या. बराच वेळ बघत उभ्या राहिल्या, चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"वाकडं लागलंय," म्हणाल्या.

"काढून लावू?"

"राहू द्या. उतरा आता, ऊन लागेल." आणि घराकडे जाताना त्या स्वतःशी काहीतरी गुणगुणत होत्या. मी काकांना कोपरानं ढोसलं. काकांनी मला गप्प राहायची खूण केली.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. विक्रोळी होतीच, शिवाय ज्यांना आम्ही ओळखत नव्हतो असे लोकही आले होते, अंधेरीहून, मुलुंडहून. मॅडम मागच्या रांगेत बसल्या होत्या. काकांनी पडद्यासमोर येऊन सूचना दिली. ती आम्ही दोघांनी मिळून ठरवली होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. गाणं चालू असताना कोणीही स्टेजजवळ येऊ नये, बक्षीस द्यायचं असेल त्यांनी शेवटी दारातल्या पेटीत टाकावं. मग ते विंगेत आले, थुंकी लावून तळहात चोळले आणि पडद्याची दोरी ओढली. दोरी ओढायचं काम त्यांनी कोणाला दिलंच नसतं. पडदा मध्येच अडकला, त्यांनी हिसका दिला, मग सरकला. सगळा हॉल सुंदराबाईंकडे बघत होता आणि काकाही प्रेक्षकांकडे न बघता त्यांच्याकडेच बघत होते. काकूंनी एकदा, एकदाच, विंगेकडे मान वळवली.

गाणं सुरू झालं. दुसरं झालं. सूर कुठे हलला नाही, वेळ कुठे चुकली नाही, लोकांनी शिस्तीत टाळ्या वाजवल्या. पण घाटकोपरच्या गल्लीत मी जी बाई ऐकली होती ती ही नव्हती. एका दमात गाणं संपवायची त्यांना सवयच नव्हती. ओळीच्या मध्यावर आल्या की त्या किंचित प्रेक्षकांकडे वाकायच्या, कोणी नसायचं, आणि पुढे जायच्या. लोक मांडीवर हात ठेवून बसलेले. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी पदराच्या गाठीतून नोट काढली होती, ती मुठीत धरून त्या इकडेतिकडे बघत होत्या. एकदा उठायला गेल्या, मी विंगेतून बोट केलं, बिचाऱ्या बसल्या.

"ताई, बिघडलंय काहीतरी," काका कुजबुजले.

"सगळं वेळेत चाललंय, काका. उभे राहा."

"वेळेत आहे हो. पण तिला कोणी भेटायला येत नाहीये."

पाटीचं गाणं लागलं. काकांनी दोरीचं टोक माझ्या हातात दिलं. "धरा," म्हणाले, आणि मागच्या दारानं गेले. मला वाटलं पाणी प्यायला गेले. पुढच्या क्षणी ते हॉलच्या मधल्या वाटेत दिसले, सफारीची बटणं लावून, हातात नोट उंच धरून, सगळ्यांच्या देखत स्टेजकडे चालत येताना. स्वतःच दिलेली सूचना स्वतःच मोडत होते. माझ्या तोंडातून "अहो काका" एवढंच आलं. पार्टीचा माणूस पार्टीला बक्षीस द्यायला निघाला होता. कोरसमधला एक जण गाता गाता थांबून बघायला लागला.

काकू 'पाटी दिली हाती माझ्या' इथे थांबल्या.

काका स्टेजला टेकून उभे राहिले, नोट वर केली. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्या वाकल्या, प्रत्येकासमोर वाकतात तशाच, कान पुढे करून.

"नाव?"

माईक काकूंच्या हातातच होता, त्यामुळे काकांचं उत्तर सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"सुंदराबाईचा नवरा."

हॉलमध्ये हशा पिकला. काकू हसल्या नाहीत. त्या सरळ झाल्या, ढोलकीकडे हात करून ती थांबवली आणि नोट सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"कन्नमवारनगर, विक्रोळीचे रहिवासी," त्या म्हणाल्या, "आपल्या पार्टीचे व्यवस्थापक, शिवदास हिवाळे." इथे त्यांनी श्वास घेतला. "पदव्युत्तर. यांच्याकडून या गाण्याला प्रेमाचं बक्षीस."

टाळ्या पडायला लागल्या. काका तिथेच उभे होते. रुमालाची घडी त्यांनी उलगडली, पण डोळे पुसायचं विसरून गेले आणि तो नुसताच हातात धरून राहिले. वरून काकूंनी ओळ उचलली, "आई उभी दारी," आणि तो आवाज घाटकोपरचा होता, त्याच्याहूनही मोठा. पहिल्या रांगेतल्या आजी उठल्या. या वेळी मी बोट केलं नाही. त्यांच्या मागे आणखी लोक उठले, वाटेत रांग लागली, आणि एकेक नाव त्या छताखाली वाजायला लागलं.

काका विंगेत परत आलेच नाहीत. आजींच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसून त्यांनी उरलेला कार्यक्रम बघितला. तो ठरल्या वेळेच्या बराच पुढे गेला, आणि शेवटी पडदा मीच ओढला.